कोरियन माणसाला इंग्रजी पॅसिव्ह शिकवायचं असेल तर

रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला आहे आणि माणगावजवळ विळे-भागाडला पॉस्कोचा पोलाद प्रकल्प आहे. त्यामुळे पुण्यात इंग्रजीच्या शिकवण्या घेणाऱ्यांकडे आज ना उद्या एखादं कोरियन कुटुंब येतंच. कुणाला ऑफिसातल्या ईमेलसाठी इंग्रजी हवं असतं, कुणाला मुलाच्या शाळेतल्या मीटिंगसाठी. ऑनलाइन शिकवणाऱ्यांना तर थेट सोलमधले विद्यार्थी मिळतात. मी काही वर्षं हे काम करते आहे. या कामात मला सर्वांत जास्त विचार करायला पॅसिव्ह व्हॉइसनेच लावलं. नव्याने सुरुवात करणाऱ्या मराठी शिक्षकांसाठी मी जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. कोरियन विद्यार्थ्याला पॅसिव्हचं सूत्र येत असतं. कोरियात १९९७ पासून प्राथमिक शाळेच्या तिसरीत इंग्रजी सुरू होतं आणि पुढे माध्यमिक शाळेत 'सुदोंगथे', म्हणजे पॅसिव्ह, चांगला घोटून घेतात. 'बी प्लस पीपी' हे त्यांच्या तोंडचं परवलीचं वाक्य. पीपी म्हणजे पास्ट पार्टिसिपल. ब्रेक-ब्रोक-ब्रोकन, स्टील-स्टोल-स्टोलन हे तक्ते त्यांना आपल्या मुलांपेक्षा चांगले पाठ असतात. पण 'सुनुंग' या त्यांच्या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत इंग्रजीचे ४५ प्रश्न असतात, त्यांतले १७ ऐकून सोडवायचे, बाकीचे वाचून. बोलायचं काही नसतं आणि स्वतःचं वाक्य लिहायचंही नसतं. म्हणून पॅसिव्ह दिसला की ते ओळखतात. तो कुठे वापरायचा आणि कुठे नाही, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. तुमचं काम तिथून सुरू होतं. फळ्यावर सूत्र लिहून तासाला सुरुवात केलीत तर विद्यार्थी आदराने वहीत उतरवून घेईल आणि तास वाया जाईल.

पहिली पायरी: आपला 'कर्मणी' बाजूला ठेवा

ही पायरी विद्यार्थ्यासाठी नाही, आपल्यासाठी आहे. शाळेत आपण 'रामाने आंबा खाल्ला' याला कर्मणी प्रयोग म्हणायला शिकलो, कारण क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं: आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळं खाल्लं. त्यामुळे 'पॅसिव्ह म्हणजे कर्मणी' हे समीकरण आपल्या डोक्यात बसलेलं असतं. पण 'रामाने आंबा खाल्ला' हे इंग्रजीत सरळसोट ॲक्टिव्ह वाक्य आहे. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जातो तो 'रामाकडून आंबा खाल्ला गेला' हा नवीन कर्मणी, आणि असं आपण घरात कधी बोलत नाही.

हे समीकरण सोडलं की मराठीतला खरा खजिना दिसायला लागतो. मराठी आणि कोरियन या भाषा एकमेकींच्या नात्यातल्या नाहीत, पण दोघींची घडण बरीच जुळते. दोन्हींत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. दोन्हींत नामाला मागून प्रत्यय लागतो. दोन्हींत कर्ता गाळला तरी वाक्य उभं राहतं. आणि पॅसिव्हसाठी सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, दोन्हींत क्रियापदांच्या जोड्या आहेत. आपल्याकडे फोडणे-फुटणे, तोडणे-तुटणे, पाहणे-दिसणे. त्यांच्याकडे 'पोदा' म्हणजे पाहणे आणि 'पोइदा' म्हणजे दिसणे. 'तुत्ता' म्हणजे ऐकणे आणि 'तुल्लिदा' म्हणजे ऐकू येणे. 'फाल्दा' म्हणजे विकणे आणि 'फाल्लिदा' म्हणजे खपणे. इंग्रजी मातृभाषा असलेल्या शिक्षकाला ही दुसरी क्रियापदं 'कोरियन पॅसिव्ह' म्हणून पाठ करावी लागतात. आपल्याला 'खपणे' म्हटलं की काम झालं.

दुसरी पायरी: सहा चित्रं दाखवा

पहिल्या तासाला काही समजावून सांगू नका. सहा चित्रं किंवा फोटो घेऊन जा. विद्यार्थ्याला प्रत्येक चित्रावर आधी कोरियनमध्ये एक वाक्य बोलायला सांगा, मग इंग्रजीत. तुम्हाला कोरियन येत नसलं तरी चालेल. त्याने आधी आपल्या भाषेत बोलणं गरजेचं आहे, कारण इंग्रजी वाक्य कुठून आलं ते त्याशिवाय कळत नाही. मी ही चित्रं वापरते: वॉशिंग मशिन तयार होत असलेला कारखाना, वाऱ्याने उघडलेलं दार, रस्त्यावर झालेला अपघात, पाकीट चोरीला गेलेला माणूस, सलूनमधून नुकताच बाहेर पडलेला माणूस, आणि दचकलेली बाई.

साधारण अशी उत्तरं येतात. कारखान्याच्या चित्रावर कर्ता गाळून नुसतंच 'इन धिस फॅक्टरी मेक वॉशिंग मशिन्स'. दाराच्या चित्रावर 'द डोअर वॉज ओपन्ड'. अपघातावर 'द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड'. पाकिटावर 'आय वॉज स्टोलन माय वॉलेट'. सलूनवर 'ही कट हिज हेअर'. दचकलेल्या बाईवर 'शी सरप्राइज्ड'.

बघा, जिथे पॅसिव्ह हवा तिथे तो नाही, आणि जिथे नको तिथे आहे. सहाही चुका वेगवेगळ्या मुळांतून आल्या आहेत. सगळ्यांना एकच औषध देऊन चालणार नाही.

इथेच एक सूचना. 'समजलं का?' असं विचारू नका. 'ने' असं उत्तर येईल, म्हणजे 'हो'. पण त्या 'हो'चा अर्थ बऱ्याचदा 'मी ऐकतोय, सॉन्सेंगनिम' (म्हणजे 'सर' किंवा 'मॅडम') एवढाच असतो. शिक्षकासमोर 'नाही समजलं' म्हणणं त्यांना अवघडल्यासारखं होतं, आणि विद्यार्थी वयाने तुमच्याहून मोठा असेल तर आणखीच. त्याऐवजी 'आता तुम्ही एक वाक्य करा' असं म्हणा.

तिसरी पायरी: कोरियन पॅसिव्हच्या वाटा ओळखा

कोरियनमध्ये पॅसिव्हसारखा अर्थ आणायचे बरेच मार्ग आहेत. ते तुम्हाला ठाऊक असले की विद्यार्थ्याच्या चुका आधीच दिसू लागतात.

पहिली वाट म्हणजे क्रियापदाच्या मध्ये एक छोटासा प्रत्यय घालणं: इ, हि, लि किंवा गि. 'चाप्ता' म्हणजे पकडणे, 'चाफिदा' म्हणजे पकडलं जाणे. 'यॉल्दा' म्हणजे उघडणे, 'यॉल्लिदा' म्हणजे दार आपोआप किंवा कुणाकडून तरी उघडणे. वर दिलेल्या पोइदा, तुल्लिदा, फाल्लिदा याच घरातल्या. पण हे प्रत्यय सगळ्या क्रियापदांना लागत नाहीत. कोणत्याला कोणता, हे पाठच करावं लागतं.

दुसरी वाट 'जिदा' जोडायची. 'मान्दुल्दा' म्हणजे बनवणे, 'मान्दुरॉजिदा' म्हणजे बनवलं जाणे. हिच्यातली एक गंमत पुढे कामाला येईल: 'साराजिदा' म्हणजे नाहीसं होणे. त्याच्या शेवटीही तेच 'जिदा' दिसतं.

तिसरी वाट संस्कृत-प्रचुर मराठीची आठवण करून देते. चिनी मुळाच्या नामाला 'हादा' म्हणजे करणे लावलं की ॲक्टिव्ह, 'द्वेदा' म्हणजे होणे लावलं की पॅसिव्ह. सायोंगहादा, सायोंगद्वेदा. आपण 'उपयोग करणे' आणि 'उपयोग होणे' म्हणतो, अगदी तसंच. ऑफिसातली, बातम्यांतली, अहवालातली कोरियन या वाटेने चालते. सर्वांत जास्त चुकाही इथूनच येतात, कारण 'द्वेदा' दिसलं की विद्यार्थी डोळे मिटून 'बी प्लस पीपी' करतो. 'सभा सुरू झाली' याचं 'द मीटिंग वॉज स्टार्टेड' होतं, 'परिस्थिती बिघडली' याचं 'द सिच्युएशन वॉज वर्सन्ड' होतं.

चौथ्या वाटेवर दोन क्रियापदं आहेत, 'तांगहादा' आणि 'पात्ता'. वाईट काही वाट्याला आलं तर तांगहादा: नकार, फसवणूक, अपमान. मिळणं किंवा लाभणं असेल तर पात्ता: प्रेम, आमंत्रण, आदर. काही विद्यार्थी मला विचारतात की इंग्रजी पॅसिव्हमध्येही असा दुःखाचा किंवा सुखाचा रंग असतो का. चांगला प्रश्न आहे. साध्या 'वॉज'मध्ये तसा रंग नसतो, हे एकदा स्पष्ट सांगावं. 'गॉट फायर्ड', 'गॉट रॉब्ड' यांतल्या 'गॉट'ला थोडा असतो.

पाकिटाचं चित्र इथेच सोडवा. कोरियन वाक्यात 'मी' विषय म्हणून पुढे असतो, 'पाकीट' कर्माचा प्रत्यय घेऊन मध्ये असतं, आणि शेवटी 'तोदुंगमात्ता' येतं. त्यातला 'तोदुक' म्हणजे चोर आणि 'मात्ता' म्हणजे फटका बसणे. म्हणजे ज्याचं नुकसान झालं तो माणूस वाक्याचा मालक, आणि कर्म कर्माच्याच जागी शाबूत. हे जसंच्या तसं इंग्रजीत उतरलं की 'आय वॉज स्टोलन माय वॉलेट' होतं, आणि इंग्रजी ऐकणाऱ्याला वाटतं, या माणसालाच कुणीतरी चोरून नेलं. विद्यार्थ्याला एवढंच विचारा: 'चोराने काय नेलं? तुम्हाला की पाकिटाला?' जे नेलं ते वाक्यात पहिलं. 'माय वॉलेट वॉज स्टोलन.' आपण 'माझं पाकीट चोरीला गेलं' म्हणतो. मराठीने इथे आपल्याला आधीच सरळ रस्त्यावर ठेवलं आहे.

चौथी पायरी: 'नुगा?' विचारायची सवय लावा

'नुगा' म्हणजे 'कोण' किंवा 'कोणी'. हा एकच कोरियन शब्द शिकलात तरी पॅसिव्हचं निम्मं काम होतं.

कारखान्याचं चित्र घ्या. कोरियन माणूस सहज म्हणतो, 'इ कोंगजांगएसॉ सेथाक्किरुल मान्दुरॉयो'. शब्दाला शब्द ठेवला तर 'या कारखान्यात वॉशिंग मशिन बनवतात'. कर्ता नाही, क्रियापद ॲक्टिव्ह, आणि वाक्य पूर्ण. मराठीतही हुबेहूब हेच. 'कोकणात भात लावतात', 'इथे चपला शिवतात'. कोण लावतं, कोण शिवतं, याने काही अडत नाही. इंग्रजीत मात्र ही जागा रिकामी ठेवता येत नाही. कर्ता सांगायचा नसेल तर कर्म उचलून त्या जागेवर बसवावं लागतं: 'वॉशिंग मशिन्स आर मेड इन धिस फॅक्टरी.' माझ्या मते पॅसिव्हची हीच पहिली ओळख असायला हवी. शाळेत आपण 'राम किल्ड रावण' उलटा करून 'रावण वॉज किल्ड बाय राम' करतो, आणि मुलांना वाटतं की पॅसिव्ह म्हणजे ॲक्टिव्ह वाक्याची कसरत. खरं तर इंग्रजीत बहुतेक पॅसिव्ह वाक्यांत 'बाय' नसतंच. ज्याचं नाव घ्यायचं नाही, त्याला झाकण्यासाठीच तर पॅसिव्ह आहे.

कोरियन विद्यार्थ्याला 'बाय'ची सवय जरा जास्तच असते, कारण 'ए उइहे' हे त्याचं ठरलेलं भाषांतर शाळेत पक्कं झालेलं असतं. दहा वाक्यांपैकी नऊंतून 'बाय' काढायला लावा.

सराव असा घ्या. विद्यार्थ्याच्या कामातला एखादा कोरियन परिच्छेद घ्यायला सांगा. माझा एक विद्यार्थी गुणवत्ता तपासणीत होता. त्याचे अहवाल सगळे कर्त्याविना असायचे: तापमान मोजलं, नमुने पाठवले, दोष सापडला, भाग बदलला. इंग्रजीत तो 'मेझर्ड द टेम्परेचर' असं लिहायचा आणि वरिष्ठांना वाक्य अर्धवट वाटायचं. आम्ही प्रत्येक वाक्यापुढे 'नुगा?' लिहिलं. उत्तर 'आम्ही' असेल आणि ते सांगणं महत्त्वाचं असेल तर 'वी'. 'कोणीही असो, फरक पडत नाही' असेल तर पॅसिव्ह. तीन आठवड्यांत त्याचा अहवाल सरळ झाला. या काळात मी त्याला एकही नवा नियम सांगितला नव्हता.

चांगलं कोरियन लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची एक वेगळी अडचण असते. कोरियन लेखनात पॅसिव्हचा अतिरेक हा इंग्रजीच्या भाषांतराचा वास मानतात. दोनदा पॅसिव्ह लावलेली 'इछ्यॉजिदा'सारखी रूपं टाळून 'इछिदा', म्हणजे विसरलं जाणे, एवढंच लिहावं असं तिथल्या भाषासंस्थेचंही म्हणणं आहे. असा विद्यार्थी इंग्रजीतही पॅसिव्हपासून अंग चोरतो. त्याला समजून घ्या. 'आपणास कळविण्यात येते की' असं वाक्य आपल्याकडचा चांगला संपादकही कापतोच ना. त्याला सांगायचं ते हे: कोरियनमध्ये कर्ता गाळायची सोय आहे म्हणून पॅसिव्ह टाळता येतो, इंग्रजीत ती सोय नाही.

पाचवी पायरी: ज्यांना पॅसिव्ह होतच नाही

'द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड.' ही चूक हुशार विद्यार्थीही करतात, आणि सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपेक्षा थोडे पुढे गेलेले जास्त करतात. रागावू नका. या चुकीमागे विचार आहे. अपघाताने स्वतः होऊन काही केलं नाही, ते त्याच्यावर ओढवलं. मग तो पॅसिव्ह नको का? नाहीशी झालेली किल्ली स्वतःच्या पायाने गेली नाही, मग 'वॉज डिसअपिअर्ड' का नाही? वर सांगितलेला 'साराजिदा' आठवा. त्याच्या शेवटचा 'जिदा' विद्यार्थ्याला आणखी धीर देतो.

इथे मी मराठीतल्या जोड्यांचा तीन रकान्यांचा तक्ता करते. तक्ता विद्यार्थ्याच्या वहीत इंग्रजीत असतो, पण माझ्या डोक्यात तो मराठीतच असतो.

पहिल्या रकान्यात ज्यांना फक्त 'घडणे' आहे, 'घडवणे' नाही ती क्रियापदं. हॅपन, ऑकर, अपिअर, डिसअपिअर, अराइव्ह, डाय, फॉल, एक्झिस्ट. मराठीत घडण्याला घडवणं आणि पडण्याला पाडणं जोडीला आहे, कोरियनमध्येही वेगळं रूप काढता येतं. इंग्रजीत 'हॅपन'ला जोडीदार नाही, आणि 'डाय'चा जोडीदार 'किल' हा वेगळाच शब्द आहे. म्हणून या रकान्यापुढे 'वॉज' कधीही नाही.

दुसऱ्या रकान्यात फुटणे आणि फोडणे दोन्ही एकाच शब्दात कोंबलेली क्रियापदं. ब्रेक, ओपन, क्लोज, स्टार्ट, स्टॉप, चेंज, इनक्रीज, बर्न. 'द विंडो ब्रोक' म्हणजे काच फुटली. 'द विंडो वॉज ब्रोकन' म्हणजे कुणीतरी फोडली. कोरियन 'यॉल्लिदा'त दोन्ही अर्थ असल्यामुळे विद्यार्थी इथे नेहमी 'वॉज'कडेच जातो. वाऱ्याने उघडलेल्या दाराच्या चित्राजवळ चावीने दार उघडणाऱ्या माणसाचं चित्र ठेवा. पहिल्याला 'द डोअर ओपन्ड', दुसऱ्यातला माणूस हाताने झाकला की 'द डोअर वॉज ओपन्ड'. मराठीतही 'दार उघडलं' आणि 'दार उघडलं गेलं' यांत नेमका हाच फरक आहे. 'सेल' हे क्रियापदही मी याच रकान्यात ठेवते. 'फाल्लिदा'मुळे विद्यार्थी म्हणतो 'धिस फोन इज सोल्ड वेल'. इंग्रजीत फोन स्वतःच खपतो: 'धिस फोन सेल्स वेल'.

तिसऱ्या रकान्यात फक्त 'फोडणे' बाजूची क्रियापदं: मेक, बिल्ड, स्टील, डिस्कव्हर, कम्प्लीट, युज. इथे निर्धास्तपणे पॅसिव्ह करा.

नवं क्रियापद कोणत्या रकान्यात जाईल हे तपासायची युक्ती म्हणजे वाक्याच्या सुरुवातीला 'समबडी' लावून बघणं. 'समबडी ब्रोक द विंडो' चालतं. 'समबडी हॅपन्ड द ॲक्सिडेंट' इंग्रजीत नाही. जिथे 'समबडी' बसत नाही तिथे पॅसिव्ह बसत नाही. विद्यार्थ्याला सुरुवातीला कान नसतो, त्यामुळे काय बसतं ते तुम्हीच सांगा. दर तासाला तीन-चार क्रियापदं तक्त्यात घालत राहा. एका दिवसात सगळी यादी दिली तर एकही राहत नाही.

उलट बाजूच्याही दोन-तीन गोष्टी याच वेळी पक्क्या करा. 'सोल लोकेट्स इन साउथ कोरिया' हे वाक्य हमखास येतं, कारण कोरियनमध्ये 'स्थित असणे'ला 'हादा'वालं क्रियापद आहे. 'आय बॉर्न इन बुसान' हेही तसंच. आपण 'जन्मलो' म्हणतो, ते 'थेऑनात्ता' म्हणतात, दोन्हींत 'वॉज'ची जागाच नाही. 'इज लोकेटेड' आणि 'वॉज बॉर्न' व्याकरण न समजावता अख्खे पाठ करून घ्या.

सहावी पायरी: मनाची क्रियापदं

दचकलेल्या बाईचं 'शी सरप्राइज्ड' का झालं? कोरियनमध्ये दचकणं, निराश होणं, समाधानी असणं ही माणसाने स्वतः करायची क्रियापदं आहेत. इंग्रजी मात्र म्हणतं की कशाने तरी तुला दचकवलं, म्हणून 'वॉज सरप्राइज्ड'. त्यातून 'बोअरिंग' आणि 'बोअर्ड'चा घोळ निघतो. 'चिरुहादा' हा एकच शब्द रटाळ सिनेमालाही लागतो आणि कंटाळलेल्या माणसालाही. मग विद्यार्थी 'आय ॲम बोअरिंग' म्हणतो आणि ऐकणारा गप्प होतो. यावर मी फळ्यावर बाण काढते. भाषण, सिनेमा, बातमी या बाणाच्या मागच्या टोकाला: 'इंग'. माणूस बाणाच्या पुढच्या टोकाला: 'एड'. लहान मुलांनाही हे लगेच कळतं.

सातवी पायरी: ऐकू येतं का ते बघा

बऱ्याच वेळा विद्यार्थ्याला पॅसिव्ह येत असतो, पण त्याच्या तोंडून किंवा कानात तो पोहोचत नाही. कोरियनमध्ये अक्षराच्या शेवटी सातच व्यंजनध्वनी येऊ शकतात आणि दोन व्यंजनं तिथे एकत्र उच्चारत नाहीत. 'आस्क्ट', 'हेल्प्ट', 'फिक्स्ट' यांचा शेवट त्यांना पेलवत नाही. एक तर शेवटचा ध्वनी गळतो, नाही तर मध्ये स्वर घुसून 'हेल्फुदु' होतं. गळला की 'इट वॉज फिक्स' ऐकू येतं आणि आपण व्याकरण चुकलं समजून पुन्हा सूत्र सांगत बसतो. मीही पहिलं वर्षभर हीच चूक केली.

उपाय त्यांच्याच भाषेत आहे. कोरियनमध्ये शब्दाच्या शेवटचं व्यंजन पुढच्या स्वराला जाऊन चिकटतं. याला ते 'यॉनुम' म्हणतात आणि पहिलीपासून ते सहज करतात. तर विद्यार्थ्याला सांगा, 'एड'नंतर स्वर आला की यॉनुम करा: 'फिक्स-टिन पुणे', 'मे-डिन कोरिया', 'लोकेटे-डॉन द हिल'. सुरुवातीचा सराव स्वराने सुरू होणाऱ्या शब्दांवरच घ्या. 'बाय'सारखे व्यंजनाचे शब्द नंतर.

आठवी पायरी: काळ

काळांवर फार वेळ घालवू नका. 'हॅज बीन डन', 'विल बी डन' हे तक्ते त्यांना येतातच. एकाच जागी थांबा, 'इज बीइंग डन'पाशी. नोकरीसाठी कोरियन माणसं टोइक ही इंग्रजीची परीक्षा देतात. ९९० गुणांच्या त्या परीक्षेचा पहिला भाग सहा फोटोंचा असतो. फोटोत माणूसच नसेल तर 'बीइंग' असलेलं उत्तर सहसा चुकीचं, ही क्लृप्ती त्यांना शिकवणी वर्गात मिळालेली असते. क्लृप्ती खरी आहे, तिचं कारण मात्र त्यांना ठाऊक नसतं: 'बीइंग'मध्ये काम आत्ता चालू असतं, आणि काम करायला कोणीतरी लागतं. हे कारण 'नुगा?'शी जोडून दिलं की त्यांचा चेहरा उजळतो.

नववी पायरी: केस कोणी कापले?

सलूनचं चित्र राहिलं. 'मॉरिरुल चाल्लात्ता', म्हणजे केस कापले. आपणही 'काल केस कापले' म्हणतो आणि कात्री न्हाव्याच्या हातात होती हे सगळ्यांना कळतं. 'मी घर बांधलं' म्हणणाऱ्याने विटा उचललेल्या नसतात. इंग्रजीत 'आय कट माय हेअर' म्हटलं तर आरशासमोर तुम्ही स्वतः उभे राहिलात. 'आय हॅड माय हेअर कट', 'आय गॉट माय कार रिपेअर्ड' ही वाक्यं शिकवताना आपलीही तीच चूक होते, हे लक्षात ठेवून स्वतःच्या बोलण्याकडे कान द्या. पाकिटाचं 'आय हॅड माय वॉलेट स्टोलन' हेही इथे पुन्हा आणा. ज्याचं नुकसान झालं त्याला वाक्यात पुढे ठेवायची कोरियन माणसाची ओढ या रचनेत पुरी होते, आणि विद्यार्थ्याला हे फार आवडतं.

शेवटचा सराव

सगळं एकत्र वापरायला मी सोलच्या सुंगन्येमुन या दरवाजाची गोष्ट देते. प्रत्येक कोरियन माणसाला ती ठाऊक आहे आणि सांगताना त्याच्या मनाला भिडते. दरवाजा १३९८ मध्ये बांधून पूर्ण झाला. १९६२ मध्ये त्याला राष्ट्रीय ठेवा क्रमांक एक ठरवलं. फेब्रुवारी २००८ मध्ये एका माणसाने त्याला आग लावली आणि वरचा लाकडी भाग जळाला. डागडुजी झाली आणि मे २०१३ मध्ये दरवाजा पुन्हा खुला झाला.

ही मराठी वाक्यं स्वतःपुरती ठेवा. विद्यार्थ्याला फक्त वर्षं लिहून द्या आणि गोष्ट इंग्रजीत सांगायला सांगा. 'वॉज कम्प्लीटेड', 'वॉज डेझिग्नेटेड', 'वॉज सेट ऑन फायर', 'वॉज रिस्टोअर्ड' या जागी पॅसिव्ह हवा. 'बर्न्ड' आणि 'रीओपन्ड' या जागी 'वॉज'शिवायही चालतं, आणि विद्यार्थी तिथे थोडा थांबतो का हे बघा. तो थांबला, 'नुगा?' असं स्वतःशी पुटपुटला आणि मग 'इट रीओपन्ड इन २०१३' म्हणाला, तर पुढच्या तासाला दुसरा विषय घ्यायला हरकत नाही.